आर्च मॅनिंगचं नेमकं कुठे बिनसतंय?

ऑस्टिनकर_आप्पा (१४ सप्टेंबर २०२५)

काल कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये टेक्सास विद्यापीठाने एल पासोच्या संघाला २७-१० असं हरवलं, आणि तरीही घरच्याच प्रेक्षकांनी आपल्या क्वार्टरबॅकची, म्हणजे पास फेकणाऱ्या आर्च मॅनिंगची, हुर्यो उडवली. २५ पैकी ११ पास पूर्ण, ११४ यार्ड, एक टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार), एक इंटरसेप्शन (समोरच्याने झेललेला पास). मधे सलग १० पास फुकट गेले. दोन टचडाउन त्याने स्वतः पळून केले म्हणून धावफलक बरा दिसतोय.

कालपासून आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, पोरगा आडनावावर आलाय. दुसरा म्हणतो, वेळ द्या, मॅनिंगचं रक्त आहे (पेटन आणि ईलाय, व्यावसायिक लीग एनएफएल गाजवलेले क्वार्टरबॅक, हे त्याचे काका). दोन्ही बाजू आडनावाबद्दलच बोलतायत. खेळाबद्दल बोलायला कुणी मिळेना म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं. ३० ऑगस्टला कोलंबसमध्ये ओहायो स्टेटविरुद्ध १४-७ ने हरलो, ३० पैकी १७, १७० यार्ड. ते मी समजू शकतो. परक्या मैदानावर, गतविजेत्या संघाच्या बचावासमोर, मोसमातला पहिलाच सामना. त्याआधी २०२४ मध्ये तेव्हाचा मुख्य क्वार्टरबॅक क्विन युअर्स जखमी असताना तो फक्त दोन सामन्यांत सुरुवातीपासून खेळला होता, लुइझियाना-मनरो आणि मिसिसिपी स्टेट. क्रमवारीच्या मतदारांनी मोसमाआधीच टेक्सासला पहिला क्रमांक दिला, यात त्याचा काय दोष?

कालचं मात्र मला जास्त खटकलं. काल त्याच्यावर कुणी धावून येत नव्हतं. त्याला वाचवणारी पुढची लाइन वेळ देत होती, आठ-दहा यार्डांवर माणूस मोकळा उभा होता आणि चेंडू त्याच्या पायाशी किंवा पाठीमागे जात होता. लांबचे पास बरे, जवळचे वाईट, हे उलटं आहे. पाय नीट पडत नाहीत, कंबर पुरती वळत नाही, मग हात खाली घसरून बाजूने फेक होते. निदान मला तरी टीव्हीवर तसं दिसलं. फेकताना चेहरा वेडावाकडा झाला म्हणून दुखापतीची अफवा उठली, पण टेक्सासचा कोच सार्किसियनने ती नाकारली आहे. खांदा ठीक असेल तर मग हे काय आहे?

कोल्हापूर_ते_कोलंबस (१४ सप्टेंबर)

आप्पा, आमच्या बचावाला थोडं तरी श्रेय द्या की राव! ओहायो स्टेटचा बचाव-कोच मॅट पॅट्रिशियाने त्या दिवशी पोराला प्रत्येक स्नॅपआधी (चेंडू मागे देऊन चाल सुरू होते तो क्षण) एक चित्र दाखवलं आणि स्नॅपनंतर दुसरंच. कॉलेजच्या पोरांना असलं बघायची सवय नसते. तो चेंडू हातात धरून विचार करत बसला, आणि आमची पोरं पोचली. एक यार्डावरून चौथ्या डाउनला (चारपैकी शेवटच्या संधीला) त्याला अडवलं तेव्हा आमच्याकडे घर हललं.

नवखा_प्रेक्षक (१४ सप्टेंबर)

अडाणी प्रश्न. मी पुण्याहून आलोय, इथे मास्टर्स करतोय, सगळे बघतात म्हणून बघतो. क्वार्टरबॅकवर एवढं खापर का फुटतं? अकरा जण खेळतात ना?

मंजिरी_फ्रिस्को (१५ सप्टेंबर)

@नवखा, अडाणी अजिबात नाही. प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो. त्यापुढे साधारण अडीच-तीन सेकंदांत बचाव वाचायचा, पहिला माणूस झाकला असेल तर दुसरा, मग तिसरा शोधायचा आणि चेंडू सोडायचा. पाच धिप्पाड पोरं त्याच्यापुढे भिंत धरून असतात, ती लाइन. भिंत फुटली की तो चेंडूसकट आडवा, त्याला सॅक म्हणतात. म्हणून दहा जणांची चूकही त्याच्याच नावावर दिसते.

आप्पा, तुमचं पायांचं निरीक्षण पटलं. माझा मुलगा हायस्कूलच्या ज्युनियर संघात क्वार्टरबॅक आहे, म्हणून हे रोज कानावर पडतं. त्याचे कोच पायाकडे आधी बघतात, हाताकडे नंतर. जवळच्या पासला पाय आणि नजर एकत्र फिरायला लागतात. पहिल्या माणसावरून दुसऱ्यावर नजर गेली पण पाय पहिल्याकडेच राहिले, तर चेंडू मागे जातो. लांबच्या पासला असं होत नाही, कारण तिथे कुणाकडे फेकायचं ते आधीच ठरलेलं असतं, पाय रोवायला वेळ मिळतो. तेव्हा जवळचे पास चुकतायत याचा अर्थ डोकं मागे पडतंय, असंही असू शकतं. नुसतं तंत्र नव्हे.

सदाशिव_पेठी (१५ सप्टेंबर)

हे म्हणजे अर्जुन तेंडुलकरचं झालं. आडनाव पुढे, पोरगा मागे. (दिवे घ्या.)

ऑस्टिनकर_आप्पा (१५ सप्टेंबर)

पेठी, मला वाटलंच होतं हा प्रतिसाद येणार, फक्त पहिल्या पाचात येईल असं वाटलं नव्हतं. अर्जुनने गोव्याकडून रणजी पदार्पणातच शतक मारलं होतं, तेव्हा त्यालाही तुम्ही उगाच कमी लेखताय. आणि आर्चचे वडील पेटन नव्हेत, ईलाय नव्हेत. थोरला भाऊ कूपर, तो त्याचा बाप. कूपर रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, होता. ओल मिसला (मिसिसिपी विद्यापीठ) खेळायला निघाला होता आणि अठराव्या वर्षी मणक्याचा आजार निघाला, खेळ संपला. पेटन एनएफएलमध्ये १८ नंबर घालून खेळला तो या भावासाठी. त्यामुळे घरात अपेक्षांचं ओझं असेलही, पण ते सरळसोट बाप-लेकाचं नाही. आडनावावर इथेच पडदा टाकू या.

विदा_वैद्य (१५ सप्टेंबर)

पडदा टाकायच्या आधी एक थंड पाण्याचा शिडकावा. तुम्ही सगळे "फक्त दोन सामने खेळलाय" म्हणताय. क्लेमसनचा क्वार्टरबॅक डी.जे. उईआंगालेलेचं आठवतं का? पंचतारांकित, म्हणजे शाळेतच सगळ्यात वरचं मानांकन मिळालेला पोरगा. २०२० मध्ये मुख्य क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्सला कोविड झाला म्हणून दोन सामने मिळाले. नोटर डेमच्या मैदानावर ४३९ यार्ड फेकले, सामना हरला तरी सगळा देश खूश. २०२१ मध्ये संघ त्याच्या हाती आला. पहिल्याच सामन्यात जॉर्जियाविरुद्ध १०-३ असा पराभव, आणि वर्षअखेर ९ टचडाउन, १० इंटरसेप्शन, ५५.६ टक्के पास पूर्ण. पुढच्या वर्षी थोडा सावरला, पण डिसेंबरमध्ये केड क्लबनिकला जागा गेली.

आर्चने २०२४ मध्ये ९० पैकी ६१ पास, ९३९ यार्ड, ९ टचडाउन केले होते. तेही बदली म्हणून. बदली खेळाडूचे आकडे फसवे असतात. समोरच्या संघाकडे त्याचा अभ्यास नसतो आणि आपला कोच त्याला सोप्या चाली देतो. या वर्षीच्या पहिल्या तीन सामन्यांत ८५ पैकी ४७, म्हणजे ५५.३ टक्के. डी.जे.च्या आकड्याला जवळजवळ चिकटून. मी भविष्य सांगत नाहीये, पण "वेळ द्या, होईल" हे आपोआप होत नाही.

मंजिरी_फ्रिस्को (१५ सप्टेंबर)

आणि क्वार्टरबॅक जो बरो? एलएसयूत (लुइझियाना स्टेट) पहिल्या वर्षी, २०१८ ला, ५७.८ टक्के, १६ टचडाउन. पुढच्या वर्षी ७६.३ टक्के आणि ६० टचडाउन. हाइझमन, कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, घेऊन गेला.

विदा_वैद्य (१५ सप्टेंबर)

बरो अपवाद आहे म्हणून तर सगळ्यांना पाठ आहे, ताई. शिवाय त्याच्यासाठी एलएसयूने आक्रमणाची अख्खी पद्धत बदलली होती. टेक्सासमध्ये सार्किसियन स्वतःच चाली ठरवतो. तो आर्चसाठी बदलणार का, हा खरा प्रश्न आहे. सध्या युअर्सच्या काळातलीच चालींची वही चालू आहे: झटपट आडवे पास, स्क्रीन (रक्षकांच्या आडून छोटा पास), वेळेवर चेंडू सोडणं. युअर्स त्यात वाकबगार होता. आर्चला पुढे लांबवर बघायला आवडतं.

ऑस्टिनकर_आप्पा (१५ सप्टेंबर)

हा मुद्दा लाखाचा. पण भिंत विसरू नका. गेल्या वर्षीच्या लाइनमधले पाचपैकी चार गेले. केल्विन बँक्स तर एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधून होणाऱ्या निवडीत, नवव्या क्रमांकावर थेट न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे. वर रिसीव्हर मॅथ्यू गोल्डन गेला, टाइट एंड (अडवणारा आणि पास झेलणाराही) गनर हेल्म गेला. गेल्या वर्षी आर्चचे चेंडू झेलणाऱ्यांत हे दोघं होते.

आजी_ह्यूस्टन (१६ सप्टेंबर)

मी नातवाबरोबर बघते. एवढंच लिहायला आले की २१ वर्षांच्या मुलावर एक लाख माणसं ओरडतात हे मला बघवत नाही. चालू द्या तुमचं.

सदाशिव_पेठी (१६ सप्टेंबर)

आजी, त्याच्या जाहिरातींचं वर्षाचं मोल ६८ लाख डॉलरच्या आसपास धरतात म्हणे. तेवढ्यात मी माझ्यावर रोज ओरडून घेईन.

ऑस्टिनकर_आप्पा (५ ऑक्टोबर)

धागा वर काढतोय. मधे सॅम ह्यूस्टन विद्यापीठाला ५५-० ने धुतलं, २१ पैकी १८. त्यावर कुणीच काही लिहिलं नाही, मीही नाही. तो सामना कशाचाच पुरावा नव्हता. काल मात्र गेन्सव्हिलमध्ये फ्लोरिडाकडून २९-२१ हार. २९ पैकी १६, २६३ यार्ड, २ टचडाउन, २ इंटरसेप्शन, सहा सॅक. पहिला क्रमांक मिळालेला संघ आता पहिल्या पंचवीसच्या यादीतूनच बाहेर जाणार.

मला काल वेगळंच दिसलं. एल पासोविरुद्ध वेळ होता आणि तो चुकत होता. काल वेळच नव्हता. धावणारे खेळाडू अडत होते, संघात सगळ्यात जास्त यार्ड क्वार्टरबॅकच पळाला. त्यामुळे बहुतेक वेळा तिसऱ्या डाउनला सात-आठ यार्ड हवे, समोरच्याला पास येणार हे माहीत, आणि लाइनमध्ये भगदाड. अशात त्याने केलेले काही पास मी म्हणेन की युअर्सला जमले नसते. सप्टेंबरमधला आर्च आणि कालचा आर्च यांना एकाच मापाने मोजू नका.

विदा_वैद्य (५ ऑक्टोबर)

अर्धं मान्य. सॅक नेहमी लाइनचेच नसतात. पहिला माणूस झाकलेला दिसला की तो पळायच्या बेतात मागे सरकतो, भिंतीपासून लांब जातो. मग टॅकलला (लाइनच्या टोकाचा रक्षक) कळत नाही आपला माणूस कुठे उभा आहे. पाठीमागे दहा यार्ड सरकलेल्या क्वार्टरबॅकला जगातली कुठलीच लाइन वाचवू शकत नाही. काल असे मी दोन तरी पाहिले.

मंजिरी_फ्रिस्को (५ ऑक्टोबर)

यालाच आमच्याकडे "पॉकेटमध्ये (लाइनच्या आडोशाची जागा) वर चढ" म्हणून ओरडतात. मागे नको, पुढे एक पाऊल. सांगायला सोपं आहे हो. दीडशे किलोची पोरं अंगावर येताना पुढे पाऊल टाकायचं!

कोल्हापूर_ते_कोलंबस (१२ ऑक्टोबर)

काल डॅलसमध्ये ओक्लाहोमाला २३-६? कौतुक आहे. २७ पैकी २१, फक्त १६६ यार्ड, पण चूक एकही नाही.

विदा_वैद्य (१२ ऑक्टोबर)

याला म्हणतात वही बदलणं. चेंडू लवकर सोडला, जिथे काही नाही तिथे बाहेर फेकून दिला. कंटाळवाणा सामना, पण माझ्या मते या मोसमातला त्याचा सगळ्यात शहाणा खेळ.

सदाशिव_पेठी (१९ ऑक्टोबर)

केंटकी. २७ पैकी १२, १३२ यार्ड, जादा वेळेत १६-१३. जिंकवलं बचावाने, एक यार्डावर केंटकीला रोखून. शहाणपण एक आठवडा टिकलं म्हणायचं.

ऑस्टिनकर_आप्पा (१९ ऑक्टोबर)

आज बोलायची इच्छा नाही.

नवखा_प्रेक्षक (२६ ऑक्टोबर)

मी काल मिसिसिपी स्टेटचा सामना पूर्ण पाहिला आणि आता मला हा खेळ कळायला लागलाय असं वाटतंय (हसू नका). चौथ्या सत्रात १७ ने मागे होते! ४६ पैकी २९, ३४६ यार्ड. जादा वेळेत आर्चला डोक्याला मार लागून बाहेर जावं लागलं आणि बदली मॅथ्यू काल्डवेलने विजयी टचडाउन फेकला. ४५-३८. माझ्या लक्षात आलं ते असं की शेवटी घाईत खेळताना तो जास्त सहज वाटत होता. घोळका करून चाल ठरवणं नाही, सरळ लाइनवर जाऊन खेळ. असं का होतं?

विदा_वैद्य (२६ ऑक्टोबर)

शाबास, चांगली पकड. घाईच्या खेळात बचावाला माणसं बदलायला आणि सोंगं घ्यायला वेळ मिळत नाही. पॅट्रिशियाने जे केलं ते तिथे करता येत नाही. चित्र साधं राहतं, म्हणून डोकं पुढे राहतं. मंजिरीताई सप्टेंबरमध्ये म्हणाल्या होत्या ते हेच. फक्त एवढं लक्षात ठेवा की बरोबरी साधली ती पंट (लाथेने दूर मारलेला चेंडू) परतवून केलेल्या टचडाउनने. सगळं श्रेय आर्चला नको.

ऑस्टिनकर_आप्पा (१६ नोव्हेंबर)

व्हँडरबिल्टला ३४-३१ हरवलं तेव्हा ३३ पैकी २५, ३२८ यार्ड, ३ टचडाउन. पाय आता नजरेबरोबर फिरतायत, हे आंधळ्यालाही दिसेल. मग काल जॉर्जिया राज्यातल्या अथेन्सला जाऊन जॉर्जियाकडून ३५-१० मार खाल्ला. पण कालच्या हारीत मला आर्च दिसत नाही. ४३ पैकी २७. आमचा बचावच फाटला.

कोल्हापूर_ते_कोलंबस (१६ नोव्हेंबर)

आप्पा, जिंकले की आर्च आणि हरले की बचाव, असा हिशोब चालणार नाही. मोठ्या सामन्यात १० गुण म्हणजे १० गुण.

ऑस्टिनकर_आप्पा (१६ नोव्हेंबर)

मी केंटकीच्या वेळी बचावालाच श्रेय दिलं असतं, पण पेठींनी आधी देऊन टाकलं.

मंजिरी_फ्रिस्को (२९ नोव्हेंबर)

काल टेक्सास एअँडएमला २७-१७! आम्ही सगळे थँक्सगिव्हिंगचं उरलेलं खात बघत होतो. पासचे आकडे साधेच, २९ पैकी १४, १७९ यार्ड. पण पूर्वार्धात तो चाचपडला आणि उत्तरार्धात नाही. ३५ यार्ड पळून केलेला टचडाउन बघा. पास द्यायला मागे आला, मधे फट दिसली आणि क्षणभरही न रेंगाळता निघाला. सप्टेंबरमध्ये तो अशा वेळी दोनदा विचार करायचा. त्याआधीच्या आठवड्यात आर्कान्सॉविरुद्ध ३८९ यार्ड, पासवर चार, पळून एक आणि झेल घेऊन एक टचडाउन, तेही माझ्या मुलाने दहा वेळा रिवाइंड करून दाखवले. मला विचाराल तर कालचा एकच पुरे.

विदा_वैद्य (२ जानेवारी २०२६)

सिट्रस बोल या शेवटच्या सामन्यात मिशिगनला ४१-२७ हरवून मोसम संपला, १० विजय, ३ पराभव. अजिंक्यपदाच्या बारा संघांच्या प्लेऑफमध्ये मात्र जागा नाही. आता सगळे "पोराने कात टाकली" म्हणतायत, म्हणून सुट्टीत हिशोब मांडला.

पूर्ण मोसम: ४०४ पैकी २४८ पास, ३,१६३ यार्ड, २६ टचडाउन, ७ इंटरसेप्शन. केंटकीपर्यंतचे सात सामने घेतले तर ६०.३ टक्के. नंतरचे सहा, ६२.३ टक्के. एवढ्या फरकाला मी सुधारणा म्हणणार नाही, सामन्याला जेमतेम एक पास इकडचा तिकडे. पण इंटरसेप्शन बघा. आधी १८९ पासांत ५, नंतर २१५ पासांत २. म्हणजे तो फार अचूक झाला नाही, चेंडू गमवायचा थांबला. फरक पडलाय तो निर्णयांत.

दुसरा हिशोब आप्पांना आवडणार नाही. हरलेल्या तीन सामन्यांत, ओहायो स्टेट, फ्लोरिडा, जॉर्जिया, मिळून ४ टचडाउन आणि ४ इंटरसेप्शन. जिंकलेल्या दहांत २२ आणि ३. तिन्ही पराभव परक्यांच्या मैदानावर.

ऑस्टिनकर_आप्पा (२ जानेवारी)

न आवडायला काय झालं, हिशोब चोख आहे. पण हरलेल्या सामन्यात क्वार्टरबॅकचे आकडे वाईट असणारच, मागे पडल्यावर फेकाफेक करावीच लागते. कारण आणि परिणाम यांची गल्लत होतेय. पेटनने एनएफएलच्या पहिल्या वर्षी २८ इंटरसेप्शन दिले होते, संघ ३-१३. त्याचे सामने हरले-जिंकले असे वेगळे काढून कुणाला काय कळलं असतं?

विदा_वैद्य (३ जानेवारी)

पेटनला आणू नका, आडनावावर पडदा तुम्हीच टाकला होता. :)

आणि डी.जे.ची तुलना मी मागे घेत नाही, फक्त बाजूला ठेवतो. डी.जे. पहिल्या वर्षाअखेरीस चेंडू गमावत होता, हा नाही. तेवढा फरक मोठा आहे. पण ६१.४ टक्के हे ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या वरच्या जागांचे आकडे नव्हेत. तो या वर्षी ड्राफ्टला न जाता परत येतोय, हे त्याच्या घरच्यांनी बरं केलं.

कोल्हापूर_ते_कोलंबस (१३ जानेवारी)

ऑबर्नचा रिसीव्हर कॅम कोलमन तुमच्याकडे येतोय म्हणे. आता रिसीव्हर नाही ही सबबही गेली. १२ सप्टेंबरला आम्ही ऑस्टिनला येतोय, तेव्हा बघू.

मंजिरी_फ्रिस्को (१३ जानेवारी)

कोलमन लांबच्या चेंडूंना येईल उपयोगी. ते आर्चला आधीही जमत होते. मी मात्र डावीकडचे जवळचे पास बघणार आहे, धावत फेकलेले नव्हे, उभं राहून फेकलेले. आणि लाइनमध्ये कुणाला आणतात ते.

सदाशिव_पेठी (१३ जानेवारी)

कोल्हापूरवाले, हॉटेल आत्ताच करून ठेवा. त्या आठवड्यात ऑस्टिनचे दर ऐकून पुढच्या सामन्यापर्यंत तुम्हालाही पॉकेटमध्ये पुढे सरकता येणार नाही.